अकरा ठिपके

बाबांच्या कोटाच्या खिशातून निघालं ते यंत्र
काडेपेटीएवढं, रबरी बूच लावलेलं.
हिउमा बेटावरची माणसं खिशात चाकू ठेवतात, दोरी ठेवतात,
माझे वडील, वाल्दुर रान्नामेट्स, उपग्रह ठेवायचे.

दर दहा सेकंदांनी ते नोंदवायचं:
इथे. इथे. आता इथे.
काय पाहिलं, ते त्याला ठाऊक नव्हतं.
कॅमेऱ्यानं सगळं पाहिलेलं,
पण त्याला कधी ते कळायचं, कुठे ते नाही.
म्हणून वेळेला वेळ लावून दोघांची गाठ घालायची,
सोयरीक जमवावी तशी.

पहिल्याच रात्री सोयरीक फिसकटली.
आईचा चेहरा पेट्रोलपंपावर पडला,
सफरचंदाचं झाड बंदराच्या धक्क्यावर,
आणि लेइदाकाकूंची साठी साजरी झाली
निर्मनुष्य पाणथळीत, मेणबत्त्यांसकट.

हसले. मग लक्षात आलं.
मार्चअखेरीला सगळा देश घड्याळं तासभर पुढे सरकवतो.
बाबा भिंतीवरचं सरकवायचे, मनगटावरचं सरकवायचे,
कॅमेऱ्यातलं नाही.
"गायीला विचार," म्हणायचे, "तिचे किती वाजलेत."
उपग्रहांपुढे असला हट्ट चालत नाही.
उन्हाळाभर त्यांचं पाहणं तासभर मागे रेंगाळलं
आणि पाय पुढे निघून गेले.

तीन हजार सहाशे सेकंद.
दुकानातली उधारी चुकती करावी तसे मी ते भरले,
आणि चित्रं चालत चालत घरी आली.
आई अंगणात. झाड कुंपणापाशी.
काकू आपल्या टेबलाशी, गाल फुगवून.

राहिले अकरा. फेब्रुवारीतले.
फेब्रुवारीत बाबांचा कॅमेरा खरं बोलायचा,
तरी अकराच्या अकरा ठिपके समुद्रात,
बेट आणि पलीकडचा किनारा यांच्यामध्ये,
बटणं शिवल्यासारखे एका ओळीत.
तास घालून पाहिला, काढून पाहिला.
ठिपके औषधाच्या दुकानात गेले, कोठारात गेले,
पण फोटोत दुकान नव्हतं, कोठार नव्हतं.
खाली पांढरं. वर जरा कमी पांढरं.
आठव्यात तेवढी जुनिपरची एक फांदी, उभी रोवलेली.

लेइदाकाकूंनी चष्मा कपाळावर चढवला.
"अगं, त्या वर्षी समुद्र गोठला होता!
रस्ता होता तिथे. फांद्या रोवून आखलेला.
पट्टा सोडून बसायचं, हात दाराच्या कडीवर,
आणि पंचवीस ते चाळीस, या मधल्या वेगाने जायचं नाही,
बर्फाखाली लाट उठते.
वाटेत थांबायची सगळ्यांना बंदी.
तुझ्या बापाला थांबण्याचाच पगार.
भोक पाडायचं, जाडी मोजायची, पुढे."

मी तास हलवत बसले होते.
हलवायला हवा होता ऋतू.
नकाशात हिवाळा नसतो;
निळं ते निळंच, बाराही महिने.

यंदा गोठला नाही. फेरी चालू आहे.
काल यंत्र चार्ज केलं, त्यांचाच कोट घातला,
बाह्या दोनदा दुमडल्या,
डेकवर गेले. एक पोरगं चिप्स खात होतं,
ट्रकवाले गाड्यांत झोपलेले.
आठव्या ठिपक्याच्या समोर आलो असं वाटलं
तेव्हा पाण्याचा एक फोटो घेतला.

रात्री पाहिलं. माझा ठिपका
त्यांच्या ओळीपासून दोन किलोमीटर बाजूला.
फेरीला तिची वाट आहे, खोल पाण्याची,
बर्फाच्या रस्त्यावरून ती कशाला जाईल?

सरकवला नाही.
ठिपक्याखाली चार शब्द लिहायला जागा असते.
बाबांच्या अकराही जागांत फक्त आकडे होते,
सेंटिमीटरमध्ये: सव्वीस, अठ्ठावीस, चोवीस.
मी त्यांना शेरे समजत होते छिद्राचे, प्रकाशाचे.
बाराव्याखाली लिहिलं:
वारा ईशान्येचा.
जाडी शून्य.